मंगळवार, दोन ते चार

शेफिल्डमध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवेलागण होते
आणि आमचं जग दोन ते चार.
खोली तिसऱ्या मजल्यावर. रेडिएटर एकाच टोकाला तापतो,
त्या टोकाची खुर्ची धरायला सगळ्या पावणेदोनलाच हजर.

या सत्रात सात देश.
दर आठवड्याला एक, पाहुण्यासारखा:
आला, जेवला, त्याच्यावर निबंध झाला, गेला.
तम्ता जॉर्जियाची, सोह्यॉन कोरियाची, मी परभणीची,
आणि मॉरीन इथलीच, रॉदरहॅमची, वय एकसष्ट,
चाळीस वर्षं दातांच्या दवाखान्यात फोन उचलून
आता एम.ए. करतेय.
जग आम्ही वाचतो ते इंग्रजीतूनच.
तम्ताच्या गावची कादंबरी तम्तासुद्धा.
मध्येच ती पुस्तक मिटते, म्हणते,
मुळात इथे म्हातारा शिवी देतो,
आणि ती शिवी स्वतःशी पुटपुटून हसते.
एकटीच.

डॉ. होलरॉइड म्हणाल्या, पुढच्या वेळी
आपापल्या भाषेतला एकेक शब्द आणा
जो इंग्रजीत येतच नाही.
डब्यात थोडं काहीतरी घालून आणा म्हणावं, तशा.

मी आठवडाभर बसच्या काचेवर
बोटानं शब्द लिहून पुसत होते.
माया नको, फार लाडावलेली आहे.
हुरहूर नको, ती परदेशी सगळेच नेतात
लोणच्याच्या बरणीबरोबर.
शेवटी घेतलं, उष्टं.

वर्गात सांगितलं:
एकानं तोंड लावलं की दुसऱ्याला ते उष्टं.
पेला, घास, चमचा.
पण पोपटानं टोचलेला पेरू घ्या, तो गोडच निघतो.
आणि आपण इथे वाचतो ते तरी काय,
इंग्रजीनं आधी चावून बघितलेलं,
बरं आहे, बाधत नाही, खा.
सगळ्या हसल्या. होलरॉइडबाईंनी लिहून घेतलं.
ही तर थिअरीच झाली, म्हणाल्या.
माझी कानशिलं तापली, मी तर खिडकीकडे बसले होते.

सांगितलं नाही ते असं:
आई मंगल कार्यालयात भांडी घासायची.
पंगत उठली की पत्रावळी गोळा करायच्या आधी
न मोडलेले लाडू ती वेगळे काढायची.
मग मोडलेलेही.
आम्ही तिघं भावंडं जागी राहायचो.
तिथला मॅनेजर म्हणायचा, ने उष्टं,
आणि अशा आवाजात म्हणायचा
की तो शब्द जसाच्या तसा येतो इंग्रजीत,
कोरियनमध्ये येतो, कुठेही येतो,
तळटीपेशिवाय.

लाडू मात्र गोड असायचे.
हे निबंधात कुठे घालू?
तीन हजार शब्द, शुक्रवारी बाराच्या आत, संदर्भसूचीसकट.
आईचा संदर्भ कसा देतात?
अप्रकाशित?

बावन्न नंबरच्या थांब्यावर मॉरीन चिप्स खात उभी.
व्हिनेगरनं कागद आरपार दिसायला लागलेला.
एक चिप तिनं दातानं मधोमध तोडली, जीभ पोळली,
उरलेली अर्धी माझ्यापुढे धरली
आणि थबकली.
'अगं, तुमच्यात हे चालत नाही ना?
आत्ताच तर सांगितलंस.'

म्हणजे दोन तासांत एवढंच पोचलं होतं.
किंवा मी एवढंच पोचू दिलं होतं.
चढावर बस दिसली, मग वळणाआड गेली.
मी चिप घेतली. तोंडात टाकली.

'काय म्हणालीस तो शब्द? उश्टा?'
ट मात्र पक्का लागला तिचा.
हो, म्हटलं,
आणि मीठ जास्त झालंय.