एक्केचाळीस दिवस

कॅलेंडरच्या चौकोनात, एकादशीच्या शेजारी,
मी पेन्सिलीनं लिहिते : टाकी लावली.
आमची टाकी एक्केचाळीस दिवस जाते.
गावाकडनं कुणी आलं तर चाळीस,
दिवाळीत एकोणचाळीस.
त्याखाली कधी उतरली नाही.

कोपरखैरण्यात माथाड्यांच्या चाळीत
घर केवढं, तर हात लांब केला की भिंत.
माझा हिशेबही तेवढाच, हाताच्या अंतरावरचा.
तेलाची पिशवी संपली की कापून उघडते,
कणकेचा गोळा तिच्यात आतून फिरवते,
पिशवी कोरडी, चपाती मऊ.
दुधीची साल तिळात परतते,
फ्लॉवरच्या पाल्याला बेसन पेरते,
कोथिंबिरीच्या काड्या आमटीत.
शेजारच्या अनसूयाबाई म्हणतात,
"तुझ्या घरात काडीलासुद्धा रिटायर होता येत नाही गं!"
म्हणू देत.
त्यांची टाकी महिन्यात संपते,
आणि मग माझ्याच दारात येतात पातेलं घेऊन.

यंदा पस्तिसाव्या दिवशी
भात अर्ध्यावर असताना जाळ निळा झाला, पिवळा झाला, गेला.

सहा दिवस.
सहा दिवस म्हणजे बारा वेळचा स्वयंपाक.
ते काय उंदरानं नेले?

गॅसवाल्या पोराला काटा लावायला लावला.
टाकी पुरेपूर भरली.
साबणाचं पाणी करून नळीवर फिरवलं,
एक बुडबुडा नाही.
मग प्राजक्तावर डोळा गेला,
परीक्षा जवळ आलेली, रात्री चहा करत असेल.
तिनं गळ्याला हात लावला. वर रुसली.
दोन दिवस माझ्याशी बोलली नाही,
तिच्या वाटचा चहाही वाचला,
पण तो काही मी हिशेबात धरला नाही.

नव्या टाकीच्या अकराव्या रात्री
लायटरचा आवाज आला. टक्. टक्.
पदर तोंडात धरून उठले,
पडद्याच्या फटीतून बघितलं.

हे.
कांदा-बटाट्याच्या गाळ्यावरनं नऊला आलेले,
जेवून कुशीवर झोपलेले,
आता उघड्या अंगानं शेगडीपुढं उभे.
टोपात पाणी, पाण्यात मूठभर मीठ.
माझ्या जुन्या साडीचा तुकडा बुडवून पिळत होते
डाव्या हातानं.
उजवा वर जात नव्हता.
फडकं खांद्यावर टेकलं तेव्हा
बनियनचा बोळा दातात दाबला,
आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि जाळ बारीक ठेवलेला.
टोपावर ताटली झाकलेली.
अगदी मी पोरीला शिकवते तसं.

मी परत येऊन आडवी झाले.
पन्नास किलोची गोण,
दिवसाला किती गोणी, वर्षाला किती,
हा गुणाकार माझ्या वहीत कुठंच नव्हता.

सकाळी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते, "उगं जरा आखडलंय,"
आणि दुसऱ्या रात्रीपासून गार फडकं लावलं असतं.

मग मीच लागले मागं.
तुरीची डाळ रात्रीच भिजवली.
भात एका कढावर उतरवून
गोधडीत गुंडाळून ठेवला, आपला आपण शिजला.
अंघोळीचं पाणी काळ्या कॅनमध्ये पत्र्यावर,
दुपारपर्यंत ऊनच तापवतं, फुकट.
मिठाची बरणी मात्र पुढं आणून ठेवली,
शेजारी लायटर,
अंधारात चाचपडायला नको.
टोप घासून पालथा.

या वेळी टाकी एक्केचाळिसाव्या दिवशीही पेटत होती.
संध्याकाळी हे कॅलेंडरपुढं उभे राहिले,
बोटानं चौकोन मोजले, पुन्हा मोजले.
"कशी काय पुरली गं?"
"हात आखडता घेतला," मी म्हटलं.

ते बघत राहिले, आधी बरणीकडं, मग माझ्याकडं.
मी तेलाची पिशवी उघडून
कणकेचा गोळा कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवत होते,
अजून थोडं निघेल म्हणून.