डोकं आणि शेपूट

लिएपायाच्या मासे-कारखान्यात तीस वर्षं
मी एकच काम केलं:
डोकं उडव, शेपूट उडव, मधलं डब्यात.
तेव्हा हँडबॉलच्या पोरांचे सामने कापायला
मला कोणी शिकवावं लागलं नाही.

शूटिंग इमांत करायचा.
मी फक्त सुरुवातीची खुडबुड
आणि शेवटी बाकं ओढल्याचा आवाज काढून टाकायची.
एवढ्यासाठी ते जुनं सॉफ्टवेअर दरमहा भाडं मागे.
एका सार्डिनपायी अख्खं जहाज.
इमांत गेल्यावरही मागत राहिलं,
त्याच्याच नावाने, अगदी अदबीने.

मग भाच्याने, ग्वीडोने, लॅपटॉप पुसून लिनक्स घातलं.
चार दिवस मी परक्या स्वयंपाकघरात.
मीठ कुठे, सुरी कुठे.
'सेव्ह' केलं तर नुसता आराखडा राहतो,
व्हिडिओ हवा तर 'एक्सपोर्ट' निराळं.
एकदा आवाज गेला, एकदा गोलकीपर हिरवा झाला,
एकदा सगळंच मिटलं,
आणि पुन्हा उघडल्यावर विचारतं कसं:
काल रात्रीचं सांभाळून ठेवलंय, देऊ का?
माणसं एवढं करत नाहीत.

ग्वीडो म्हणाला, मावशी, तुला हे जडच होतंय.
हे घे, नुसती कात्री.
पुन्हा शिजवत नाही, कच्चंच कापते.
दीड तासाचा सामना, चहा गाळेपर्यंत तयार.
फक्त वाटेल तिथे कापत नाही.
मधूनमधून एखादीच फ्रेम पुरती असते,
बाकीच्या तिच्या आधाराने उभ्या.
सुरी तिथेच लागते.

मला लगेच कळलं. माशालाही सांधा असतो,
कल्ल्यामागे बोट फिरवलं की सापडतो.

फेब्रुवारीतला व्हेन्ट्सपिल्सविरुद्धचा सामना
मी शेवटपर्यंत ठेवला होता.
शिट्टीवर खूण केली, कापलं.
कात्री अडीच सेकंद मागे सरकली.
त्या अडीच सेकंदांत
भिंगावर एक अंगठा, तांबूस,
आणि अंगठ्यामागून: चालू आहे का गं हे?

नेमकं कापायचीही सोय आहे म्हणे,
एका चौकटीत खूण करायची, बस.
ग्वीडोने दाखवली. मी पाहिली.

सोमवारी प्रशिक्षक सारमीतेचा फोन:
सुरुवातीला कोण बोलतंय?

म्हटलं, फुकटचं सॉफ्टवेअर आहे बाई,
घ्या चालवून.