पुन्हा उघडलं

नवं बग-ट्रॅकर विकायला आलेला मुलगा
पर्वरीच्या आमच्या हापिसात तासभर आलेख दाखवत होता,
लाल कसं उतरतं, हिरवं कसं चढतं,
आणि बशीतलं शेवटचं बिस्किट उचलत म्हणाला,
मॅडम, तुम्हाला नेमकं हवंय काय?

मी म्हटलं, मेल करते.
केला नाही.

आमच्या जुन्या ट्रॅकरमध्ये
२०६३ नंबरचं एक तिकीट होतं.
शीर्षक : चलना.
वर्णन : चलना.
प्राधान्य : अतितातडीचं.
तिथे सगळंच अतितातडीचं असतं,
लोगो दोन पिक्सेल डावीकडे सरकवणंसुद्धा.
नोंदवणारे : दुर्गादासबाब, नारळ सोसायटी, दिवाडी.

रोयस्टनने उघडलं, पाहिलं,
"माझ्याकडे चालतंय" लिहून बंद केलं.
दुर्गादासबाबांनी पुन्हा उघडलं.
मी बंद केलं.
त्यांनी उघडलं.
पाच आठवडे ते तिकीट रायबंदरच्या फेरीबोटीसारखं
ह्या धक्क्यावरून त्या धक्क्याला जात राहिलं,
आत कोण बसलंय
ते कुणी वाकून पाहिलं नाही.

ब्राउझर कुठला, मी विचारलं.
"व्हडलें," उत्तर आलं.
मोठं.
रोयस्टन दोन दिवस हसत होता.
मीही.

शनिवारी स्कूटर फेरीत घातली.
दुर्गादासबाब धक्क्यावर छत्री घेऊन उभे,
ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.
त्यांनी मला चढणीवर एर्मेलिंदाबायकडे नेलं,
जिचे तीनशे बारा नारळ
पाच आठवडे साइटवर चढतच नव्हते.
तिने हात पुसून फोन पुढे धरला.
एकेक अक्षर जांभळाएवढं.
डोळ्यांसाठी नातवाने करून दिलेलं. व्हडलें.

"पळे बाय, हांव सगळें बरयतां,
मागीर वाट ना."
सगळं लिहिते, आणि पुढे वाटच नाही.
खरंच नव्हती.
"पाठवा" हे बटण पडद्याच्या खाली
कुठेतरी बुडालं होतं,
आणि पान तिथवर सरकत नव्हतं.
मी लिहिलेलं पान.
माझ्या सत्तावीस इंची पडद्यावर देखणं.

परतताना फेरीत जुनी तिकिटं चाळली.
११८. मडगावचे एक शिक्षक : बटण सापडत नाही.
कारण : पुन्हा घडवता आलं नाही.
बंद करणारी : मी.
मधल्या दोन वर्षांत त्या शिक्षकांनी
काय केलं असेल?
बहुधा कुणाच्या तरी मुलाला हाक मारली असेल.

तर त्या बिस्किटवाल्या मुलाला लिहायचंच झालं तर,
आलेख नकोत रे.
चष्मा मावेल असा एक रकाना दे.
"बंद करा" हे बटण जरा जड कर,
भरलेल्या घागरीसारखं,
ओढताना हाताला कळलं पाहिजे.
कुणी "माझ्याकडे चालतंय" लिहिलं
तर तुझ्या यंत्राने एवढंच विचारावं,
आणि तू आहेस कुठे?
आणि शोधलं की ११८ सापडू दे. वेळेत.

सध्या आहे त्याच चौकटीत लिहिलं :

पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या.
१. रायबंदरला फेरीत चढा. माणसांना पैसे पडत नाहीत.
२. कपेलाच्या मागे एर्मेलिंदाबायचं घर विचारा. कुत्रा भुंकतो, चावत नाही.
३. चष्मा काढा.
४. नारळ मोजा.
अपेक्षित : पाठवा.
प्रत्यक्षात : वाट ना.

दुरुस्ती चार ओळींची निघाली.
रोयस्टन म्हणाला, कर ना बंद आता.
नाही केलं. ज्याने उघडलं त्याने मिटावं.

बुधवारी दुर्गादासबाबांचा शेरा आला :
चलता.
कुणाचं, कुठल्या फोनवर, कधीपासून,
काही म्हणजे काही नाही.