कोरड्या लंगोटाचं वजन

कोरडा लंगोट अठरा ग्रॅम.
ओल्यातून तो वजा करायचा, उरेल ते
वहीत मांडायचं, तासाच्या रकान्यात.
एल आल्तोच्या या वॉर्डात
रात्रपाळीला मी एवढंच गणित करते.

सहा नंबरचा रुपेर्तो, सात महिन्यांचा,
आला होता छातीच्या घरघरीनं.
छाती मोकळी झाली, घरी सोडायचं ठरलं,
आणि पाचव्या दिवशी जुलाब लागले.
पाण्यासारखे. आंबूस वासाचे.
तोच वास, जो रविवारी
चार नंबरच्या खाटेवर होता.

त्याची आई सातुर्निना म्हणते,
सिस्टर, मी पाणी उकळूनच पाजलं हो.
मला ठाऊक आहे.
या उंचीवर पाणी उकळतं पुरतं तापण्याआधीच,
पण दोष तिच्या किटलीचा नाही.
चार आणि सहाच्या मध्ये
किटली नव्हती, मी होते.
त्या रात्री दोननंतर नळ कोरडा होता
आणि मी हात एप्रनला पुसले होते.

लॅबमधला एफ्राइन सांगतो,
तो विषाणू चाकासारखा दिसतो. आरे असलेला, सुबक.
मी नाही पाहिला.
मला फक्त चाकोरी दिसते:
टाळू खोल गेलेली,
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली
तरी तशीच उभी,
रडणं आहे, गालावर काही उतरत नाही.

क्षारपाणी. दर दोन मिनिटांनी एक चमचा.
ओकला तर दहा मिनिटं थांबायचं,
मग परत पहिल्यापासून.

तीन वाजता सातुर्निना खिडकीपाशी गेली,
हातात बाळाचं लोकरी टोपडं.
पोराचा अहायू निघून गेलाय, म्हणाली,
भ्यालं की जातो तो, जिवातला जीव,
नावानं बोलवावा लागतो.
खिडकी उघडणं नियमात बसत नाही.
खिट्टी मीच काढली.
गार वारा थेट हाडांत.
ती टोपडं हलवत राहिली,
ये रुपेर्तो, चल घरी, ये,
आणि तिच्या हाकांच्या तालावर
माझा चमचा पुढे होत राहिला.

साडेपाचला लंगोट हाताला जड लागला.
गडद पिवळी, भपकारा मारणारी लघवी.
शहाऐंशी, वजा अठरा.
अडुसष्ट मी दोनदा लिहिलं,
पहिल्यांदा पेन हललं.

कुठून आलं हो हे दुखणं, ती विचारते आहे.
नळाला पाणी आलंय.
मी कोपरापर्यंत साबण लावते आहे,
पाठमोरी.