दंडाची वही

निपाणीत वारा वखारींकडनं आला
की व्याकरणाच्या पुस्तकालाही ठसका लागतो.
मी नाकाला पदर लावून शटर वर करते.
डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी,
मधे एक बाक,
त्याची भाषा अजून ठरलेली नाही.
पोरं तिथं बसून दोन्हीकडं हात घालतात
आणि परत ठेवताना हमखास चुकतात.
पूर्वी मी दिवेलागणीला सगळं निवडून लावायची.
आता काही चुका तशाच राहू देते.

दंडाची वही वरनं आली.
उशीर झाला तर रोज पंचवीस पैसे.
पंचवीस पैसे बाजारात चालत नाहीत,
वहीत चालतात.

सगळ्यात मोठी थकबाकी सिदराम हुल्लोळीची,
ग्रहताऱ्यांचं पुस्तक, सत्त्याऐंशी दिवस.
"अक्का, हरवलं नाही खरं, द्यायला जमंना.
आई सोडंना झालीया."
आई रात्री विड्या वळते, हा मोठ्यानं वाचतो.
हजार भरेतोवर वाचायचं, असा घरचा कायदा.
पूर्णविराम आला की ती दोरा तोडते.
शनीपाशी येऊन थांबलेत म्हणे,
तिला ती कडी पुन्हा पुन्हा ऐकायची असते.
मी वहीत लिहिलं : परत आलं.

रेहाना सनदी पंधराची.
तीन दिवस नुसती वर्तमानपत्रं चाळत होती,
चौथ्या दिवशी कपाटाशीच बोलल्यासारखी म्हणाली,
"आजारपणाचं, म्हणजे बायकांचं,
काही गावतंय काय?"
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
बावीस वर्षांत एवढं एक शिकले आहे.
पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं
आणि चहाला गेले.
चहा मी पीत नाही.
टपरीवर उभी राहून
हुक्केरीच्या दोन बस जाऊ दिल्या.
परत आले तर पुस्तक जागच्या जागी,
एका पानाचा कोपरा दुमडलेला.
ती घडी मी उलगडली नाही.
मागून आणखी कुणी येईल,
तिला शोधत बसायला नको.

आणि दादू.
दादू म्हणाला, "सरांनी सांगितलं, मी छाट."
इथल्या पोरांना हा शब्द समजवावा लागत नाही.
कारखान्यात आईच्या विड्या तपासताना
मुकादम बाजूला फेकतो, ती छाट.
तिचे पैसे मिळत नाहीत.
मला काहीतरी शहाणं बोलायला हवं होतं.
सुचलं नाही.
शिक्का त्याच्या हातात दिला :
"तारीख तू मार. महिना मोठ्यानं म्हण,
आधी इकडच्या भाषेत, मग तिकडच्या."
पहिल्या दिवशी त्यानं अठरा पुस्तकांवर
तारीख उलटी मारली.
ती मी तशीच दिली. लोकांनी मान वाकडी करून वाचली.
ऑगस्टात तो 'स्ट'ला अडायचा.
ऑक्टोबरात 'क्टो'ला अडला नाही.
माझं लक्ष आहे, हे त्याला कळू नये
म्हणून मी शाईच्या डबीचं झाकण शोधत राहिले.

मार्चमध्ये तपासणीचे साहेब आले.
कन्नडमधून म्हणाले, कपाटं रिकामी दिसतात.
मी मराठीतून म्हटलं, वाचायला गेलीत.
दोघांनाही दोन्ही येतं,
त्यामुळं भांडण झालं नाही.
दंड जमा : अकरा रुपये पंचवीस पैसे.
वरचे पंचवीस कुठून आले, ते त्यांनी विचारलं.
अकरा कुठून आले, ते नाही.

काल एक बाई उंबऱ्याबाहेरच चपला काढून उभी.
फडक्यात बांधलेलं पुस्तक,
आत खूण म्हणून कातरलेलं तेंदूचं पान.
"अजून निम्मं हाय. परत नेलं तर चालंल?"
मी रजिस्टर उघडलं. नाव?
"सिदरामची आई."
ते नको, तुमचं.
ती हसली, पदराला बोटं पुसली,
तंबाखूचा रंग काही निघाला नाही.
"शेवंता," म्हणाली,
आणि मी नीट लिहिते का
ते वाकून बघू लागली.