तीन आखातं

डाव्या कुशीवर वळा, लतीफभाई.
डावा हात डोक्याखाली. जेल गार लागेल.

सोहारच्या या खोलीत दिवे मालवलेले,
एसी असा की माझीच बोटं मला परकी.
बाहेर सेहेचाळीस.

पडद्यावर पंख्यासारखा उजेड उघडतो
आणि त्यात महाधमनीचं मूळ,
हृदयातून निघते तिथलं.
बाणकोटच्या परकारांना पाइप समजावणं
म्हणजे खारव्याला भरती शिकवणं;
तेवीस वर्षं रिफायनरीत फ्लँज बसवलेत त्यांनी.

‘हा नॉन-रिटर्न वॉल्व,’ मान वळवून बघतात,
‘पण रिंग कुठं हाय? बसवलाय कशावर?’

रिंग नाहीच.
तीन पाकळ्या. प्रत्येकीची शिवण
खालून चढते, टोकाला शेजारणीला भेटते, पुन्हा उतरते,
मुकुटाच्या काठासारखी.
कडं आम्हीच कल्पतो, मोजमापापुरतं.

प्रोब फिरवते. आता समोरून, मिटलेल्या.
‘मर्सिडीज!’ ते हसतात.
‘अरबाबची गाडी माझ्या छातीत!’
हलू नका.

प्रत्येक पाकळीमागे भिंत जराशी फुगलेली.
या फुगीला मी मनात आखात म्हणते.
रक्त उसळून पुढे जातं, थोडं मागे वळून
आखातात भोवरा धरतं,
आणि तो भोवरा पाकळीला भिंतीशी चिकटू देत नाही,
हलकेच ढकलत आणतो मिटायला.
खाडीच्या तोंडाशी होडी वळवताना
तुमच्या आजोबांना ठाऊक असेल हे पाणी.

उजव्या आखातातून एक धमनी फुटते, डाव्यातून एक.
दोन्ही हृदयाकडेच परततात, त्यालाच पाजायला,
तेही बहुतेक झडप मिटल्यावर,
हृदय सैल पडतं तेवढ्या वेळात.

‘म्हणजे पगारातला पहिला वाटा सोताचा?’
हो. बाकीचं अंग नंतर.
ते गप्प होतात. बोटांवर काहीतरी मोजतात.

‘आणि तिसरं?’
तिसऱ्यातून काहीच निघत नाही.
पुस्तकात त्याचं नावच नकाराने सुरू होतं.
त्याच्यावाचून झडप मात्र मिटत नाही.

एक खूण या भिंतीवर, एक समोरच्या.
मोठं दिसतंय.
श्वास सोडून धरा. पुन्हा मोजते.
तिसऱ्यांदा मोजते.
‘सेहेचाळीस,’ तोंडून निसटतं.
‘बाहेर ना? सकाळपास्नं.’

मिलिमीटर, असं मी म्हणत नाही.
सांगायचं काम डॉक्टरांचं.
मी टिश्यू पुढे करते.

शर्टाची बटणं लावता लावता ते थांबतात.
बहुधा माझ्या तोंडाकडे बघून.
‘पाइप फुगला तर आम्ही लाइन बंद करून बदलतो, मॅडम.
ही लाइन बंद कशी करायची?’

करतात, लतीफभाई. काही तासांसाठी.
दुसरं यंत्र लावून.

‘आणि परत चालू होते?’

बहुतेक वेळा.

दार लागतं. पडद्यावर त्यांचा शेवटचा ठोका
उघडतो, मिटतो, उघडतो.
खाली कंपनीच्या फॉर्मवर
‘कामास योग्य’पुढचा चौकोन रिकामा.
जेलची बाटली उलटी करून ठेवते,
पुढच्याचं नाव वाचते.