राखेतलं मीठ

ब्यूकासलच्या वरचा माळ. गवतापेक्षा दलदल जास्त.
मॉइरा राउटलेज प्लास्टिकचा तंबू भरतेय
हायड्रोजननं.
रंग नाही, वास नाही. फक्त तंबूची पाठ
ताठ होत जाते, रुसलेल्या पोरासारखी.

कालचा तंबू नुसताच उडवला.
तीन मैलांवर मिसेस नोबलच्या कपाटात बश्या वाजल्या.
तिनं फोन करून सांगितलं, एक फुटली,
निळ्या काठाची, संचातली.
मॉइरानं वहीत लिहिलं: दाब इतका. बशी एक.

आज कोपऱ्यांत चार डबे आहेत भुकटीचे.
पोटॅशियम कार्बोनेट. नाव मोठं,
आहे राखेतलं मीठ.
जळून गेलेल्याचं उरलेलं काहीतरी
पेटणाऱ्याच्या वाटेत आडवं पडणार.

नवा पोरगा डेक्लन विचारतो, एवढ्यानं काय होणार?
ती खालच्या कुंपणाकडे बोट दाखवते.
खिंडार पडलं तरी सगळ्या मेंढ्या एकदम जात नाहीत.
एक उडी मारते. तिच्यामागं दोन.
पुढचं मोजत बसू नकोस.
कुत्रा कळप अडवत नाही रे,
पहिलीला अडवतो.
हायड्रोजनचा सुटा अणू म्हणजे ती पहिली.

आकडेही ती मेंढ्यांचेच म्हणते, आजोबांच्या बोलीतले:
यान, टॅन, टेथेरा,
डबे फुसकारतात, तंबूत पांढरं धुकं,
मेथेरा, पिंप.
ठिणगी.

उडाला. उडायचा तो उडालाच.
काल न दिसलेली ज्वाळा आज जांभळट दिसली, निमिषभर.
पण आवाज?
कुणी रागानं दार आपटावं
आणि घर सोडून मात्र जाऊ नये, तसा.
टिटव्या उठल्या, परत बसल्या.
मिसेस नोबलचा फोन आला नाही.

संध्याकाळी ती वडिलांसमोर बसते,
तोंड उजेडात येईल अशी.
बॅरोच्या गोदीत, पाणबुडीच्या बॅटरीखोलीत,
चार्जिंगच्या वेळी साचलेला हाच वायू
एकाहत्तर साली त्यांचे दोन्ही कान घेऊन गेला.
ते ओठ वाचतात.
उडालं?
उडालं.
मोठ्यानं?
आता आलेख कसा सांगायचा.
ती टेबलावर मूठ आपटते, मोजून.
कप थरथरतो, चहा बशीत सांडतो.

त्यांचा तळवा टेबलावरच असतो.
एवढंच? म्हणतात,
आणि पुन्हा आपटायला लावतात.